नॅचेझ: कापसाचे गाव, पाहुण्यांचे गाव

मिसिसिपी राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, मिसिसिपी नदीच्या पूर्व काठावर, वाऱ्याने हजारो वर्षे वाहून आणलेल्या मऊ मातीचा सुमारे साठ मीटर उंचीचा कडा उभा आहे. नॅचेझ हे गाव त्या कड्यावर वसलेले आहे. २०२० च्या जनगणनेनुसार वस्ती साडेचौदा हजारांच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढी. तरीही अमेरिकेच्या दक्षिणेत शनिवार-रविवार जोडून जाण्यासारख्या जुन्या गावांची यादी निघाली, की नॅचेझचे नाव पहिल्या काहींत येते. पांढऱ्या उंच खांबांच्या हवेल्या, ओकच्या फांद्यांवरून लोंबणारे राखाडी शेवाळ, कड्यावरच्या बाकावरून दिसणारा नदीपलीकडचा सूर्यास्त, एवढ्या सामग्रीवर हा लौकिक उभा आहे. हवेल्या दीड-दोनशे वर्षांच्या आहेत. तिकीट काढून त्या पाहायला जाण्याची रीत मात्र १९३२ सालची आहे आणि ती पडली ती गावाच्या गरिबीतून.

गावाचे नाव ज्यांच्यावरून पडले ते नॅचेझ लोक या कड्याच्या आसपास मातीचे चौथरे रचून राहत. त्यांचा प्रमुख महासूर्य या पदवीने ओळखला जाई आणि त्याच्यामागे गादी त्याच्या मुलाला न मिळता बहिणीच्या मुलाकडे जाई. सेंट कॅथरीन ओढ्याकाठी त्यांच्या मुख्य वस्तीचे तीन चौथरे अजून आहेत. एकावर महासूर्याचे घर होते, दुसऱ्यावर देऊळ. १७१६ मध्ये फ्रेंचांनी कड्यावर रोझाली नावाचा किल्ला बांधला. १७२५ मध्ये महासूर्याचा भाऊ वारला, तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या बायका आणि सेवक यांनाही मरण देण्यात आले. त्या अंत्यविधीचे सविस्तर वर्णन ल पाज द्यु प्रा या तिथे राहणाऱ्या फ्रेंच माणसाने लिहून ठेवले आहे. पुढे फ्रेंच किल्लेदाराने तंबाखूच्या मळ्यासाठी नॅचेझांचे एक अख्खे गाव मोकळे करून मागितले. २८ नोव्हेंबर १७२९ रोजी नॅचेझांनी उठाव करून दोनशेहून अधिक फ्रेंचांना ठार केले. फ्रेंचांनी चोक्टॉ लोकांची मदत घेऊन त्याचा सूड उगवला. महासूर्यासह शेकडो कैदी आजच्या हैतीत नेऊन गुलाम म्हणून विकले गेले आणि उरलेले चिकसॉ, क्रीक, चेरोकी या शेजाऱ्यांच्या आश्रयाला गेले. गावाला नाव देणारे लोक आजचे गाव आखले जाण्याआधीच तिथून नाहीसे झाले होते.

त्यानंतरच्या सत्तर वर्षांत कड्यावर तीन झेंडे बदलले. १७६३ मध्ये इंग्रज आले, १७७९ मध्ये स्पॅनिश, आणि १७९८ मध्ये अमेरिकन. यांपैकी स्पॅनिशांची खूण ठळक राहिली. गव्हर्नर गायोसो याच्या कारकिर्दीत आखलेल्या काटकोनी रस्त्यांवरच आजचे गाव चालते, आणि कड्याच्या काठाची पट्टी मोकळी राहिल्यामुळे नदीचा देखावा कुणाच्या परसात अडकला नाही. अमेरिकन अमलात नॅचेझ मिसिसिपी प्रदेशाची पहिली राजधानी झाले, पण तो मान चार वर्षांत, १८०२ मध्ये, जवळच्याच वॉशिंग्टन नावाच्या वस्तीकडे गेला. गावाला त्याची फारशी झळ बसली नाही, कारण तोवर कापूस आला होता.

आधी इथे तंबाखू आणि नीळ होत असे. आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हाताने काढणे हे इतके वेळखाऊ काम होते की तो मोठ्या प्रमाणावर पेरण्यात अर्थ नव्हता. १७९३ मध्ये इलाय व्हिटनीने सरकी काढण्याचे जिन यंत्र तयार केले आणि दोनच वर्षांत नॅचेझच्या आसपास तशी यंत्रे फिरू लागली. पुढे मेक्सिकोतले बी आले. बाहुल्यांच्या पोटात लपवून ते आणले अशी एक दंतकथा सांगतात, ती सोडून दिली तरी त्या बियाण्याचा गुण खरा होता. बोंड मोठे, वेचायला सोपे आणि रोगाला कमी बळी पडणारे. त्यावर निवड करून रश नट या डॉक्टर-मळेवाल्याने ‘पेटिट गल्फ’ नावाचे वाण तयार केले आणि ते दक्षिणभर पसरले. जमीन नवी, बी चांगले, दाराशी नदी, आणि पलीकडे मँचेस्टर-लिव्हरपूलची न संपणारी भूक. उणीव होती ती वेचणाऱ्या हातांची.

हे हात विकत मिळत. १८०८ मध्ये आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर बंदी आली, पण देशांतर्गत व्यापार चालूच राहिला. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख माणसे व्हर्जिनिया, मेरीलंड यांसारख्या जुन्या राज्यांतून दक्षिणेच्या कापूसपट्ट्यात हलवली गेली. काही जहाजाने आली, पुष्कळ जण साखळीने जोडलेल्या रांगांत शेकडो मैल चालत आले. न्यू ऑर्लिन्सखालोखाल या भागातला सर्वांत मोठा गुलामबाजार नॅचेझचा होता. आधी विक्री गावातच होई. १८३३ मध्ये आयझॅक फ्रँकलिन या बड्या व्यापाऱ्याकडचे काही गुलाम पटकीने मेले. त्यांची प्रेते घाईघाईने एका घळीत पुरलेली सापडली आणि गावकरी खवळले. त्यांना भीती होती साथीची. नगरपालिकेने व्यापाऱ्यांना हद्दीबाहेर काढले, आणि त्यांनी हद्दीला लागूनच, पूर्वेकडचे रस्ते जिथे फुटतात तिथे, आपली ठाणी मांडली. त्या जागेला ‘फोर्क्स ऑफ द रोड’ म्हणत. तिथे लिलावाचा ओरडा नसे. नव्या कपड्यांत रांगेने उभ्या केलेल्या माणसांतून गिऱ्हाईक निवड करी आणि भाव ठरवी. घोड्यांच्या खरेदीहून हे दृश्य फार निराळे दिसत नसावे. गृहयुद्धाच्या तोंडावर नॅचेझ ज्या ॲडम्स काउंटीत येते तिथल्या लोकसंख्येत सुमारे सत्तर टक्के माणसे गुलाम होती.

कड्याच्या पायथ्याशी दुसरेच गाव होते. त्याला ‘अंडर-द-हिल’, म्हणजे टेकडीखालचे, म्हणत. ओहायो आणि केंटकीकडून पीठ, मांस, दारू भरलेले सपाट तराफे प्रवाहाबरोबर खाली येत. माल विकला जाई, तराफा फोडून लाकूड म्हणून विकला जाई आणि खलाशी पायी घराकडे निघत. नॅशव्हिलपर्यंतची ही साडेचारशे मैलांच्या आसपासची पायवाट म्हणजे ‘नॅचेझ ट्रेस’. खिशात पैसे असलेली माणसे जंगलातून चालत असल्यामुळे वाटमाऱ्यांचा तिथे सुकाळ होता. त्याआधी घाटावरचे गुत्ते, जुगाराचे अड्डे आणि वेश्यावस्ती यांनी त्यांचे खिसे हलके केले नसले, तर. १८११-१२ च्या हिवाळ्यात ‘न्यू ऑर्लिन्स’ नावाची पहिली आगबोट नॅचेझला लागली. प्रवाहाविरुद्ध जाण्याची सोय झाली, ट्रेसची वर्दळ ओसरली आणि टेकडीखालचे गाव मात्र आगबोटींमुळे आणखी फुगले. ७ मे १८४० च्या टॉर्नेडो वादळात ३१७ माणसे मेली, त्यांतली बहुतेक नदीवरच्या तराफ्यांवरची होती. मळ्यांवर मेलेल्या गुलामांची मोजदाद पुरती झाली नसावी. पुढे नदीने पात्र सरकवत टेकडीखालच्या बहुतेक गल्ल्या गिळल्या. आज तिथे सिल्व्हर स्ट्रीट हा एक रस्ता उरला आहे.

या गावाच्या इतिहासात दोन माणसे अशी आहेत की ती नसती तर तो बराच सपाट वाटला असता. पहिला अब्दुल रहमान इब्राहिमा. पश्चिम आफ्रिकेतल्या फुटा जालोन राज्याच्या राजघराण्यात वाढलेला, अरबी लिहिता-वाचता येणारा हा सेनानी लढाईत पकडला गेला आणि १७८८ मध्ये नॅचेझच्या टॉमस फॉस्टर या शेतकऱ्याने त्याला विकत घेतले. तो तिथे चाळीस वर्षे राबला. १८०७ मध्ये बाजारात त्याला डॉ. जॉन कॉक्स भेटला. या कॉक्सला आफ्रिकेत आजारी अवस्थेत इब्राहिमाच्या वडिलांनीच आश्रय दिला होता. कॉक्सने सुटकेसाठी बरीच खटपट केली, पण फॉस्टर राजी झाला नाही. अखेर १८२८ मध्ये, अमेरिकन सरकारपर्यंत प्रकरण गेल्यावर, तो सुटला. पुढच्याच वर्षी लायबेरियात पोहोचून, आपल्या गावी न जाताच, तो वारला.

दुसरा विल्यम जॉन्सन. १८२० मध्ये, लहान असतानाच, गुलामीतून मुक्त झालेला हा माणूस न्हाव्याचा धंदा करून सुस्थितीत आला. गोरी गिऱ्हाइके त्याच्या दुकानात दाढी करून घेत, त्याच्याकडून कर्जही घेत. १८३५ पासून १८५१ पर्यंत त्याने रोजनिशी ठेवली. गावातली भांडणे, शर्यती, आगी, दिवाळखोऱ्या सगळे तिच्यात आहे. जॉन्सनच्या पदरी स्वतःचे गुलाम होते, ही गोष्टही तीच रोजनिशी सांगते. १८५१ मध्ये जमिनीच्या हद्दीच्या वादात त्याचा खून झाला. साक्षीदार होते, पण ते कृष्णवर्णीय. संशयिताने आपण कृष्णवर्णीय नसल्याचा दावा केला आणि गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष कायद्याला चालत नसल्यामुळे तो सुटला. रोजनिशी घरातच राहिली आणि १९५१ मध्ये छापली गेली. गुलामीच्या काळातल्या दक्षिणेविषयी एका मुक्त कृष्णवर्णीयाने आतून लिहिलेले इतके दीर्घ साधन क्वचितच मिळते.

कापसाचा पैसा हवेल्यांत उतरला. मळे बहुधा नदीपलीकडे लुईझियानाच्या पुराच्या सपाटीवर असत, मालक मात्र उंच, हवेशीर नॅचेझमध्ये राहत. म्हणूनच एका लहान गावात इतकी भव्य घरे एकवटली. दरडोई लक्षाधीश सर्वांत जास्त इथेच होते हे वाक्य आजही प्रत्येक मार्गदर्शकाच्या तोंडी असते. त्याचा हिशोब कुणी मांडून दाखवत नाही, पण घरे पाहिली की शंका घ्यावीशीही वाटत नाही. १८१२ चे ‘ऑबर्न’ बांधणारा लिव्हाय वीक्स हा न्यूयॉर्कचा सुतार. तिथे १८०० मध्ये एका तरुणीच्या खुनाच्या खटल्यात अलेक्झांडर हॅमिल्टन आणि ॲरन बर या दोघांनी त्याचे वकीलपत्र घेतले होते. तो निर्दोष ठरला, पण न्यूयॉर्कमध्ये राहणे त्याला जड झाले आणि नॅचेझला एक कसबी वास्तुकार मिळाला. ऑबर्न पुढे स्टीफन डंकन या पेन्सिल्व्हेनियाहून आलेल्या डॉक्टरने घेतले. हजाराहून जास्त गुलामांचा हा धनी. १८४० च्या दशकातल्या ‘मेलरोझ’च्या जेवणघरात मेजावर महोगनीचा एक मोठा झुलता पंखा टांगलेला आहे. कंपनी सरकारच्या काळातल्या हिंदुस्थानी बंगल्यांत असे तसाच. दोरी ओढायला इथे गुलाम मूल असे. १८५७ चे ‘स्टँटन हॉल’ गावातला एक अख्खा चौक व्यापून बसले आहे, आणि ते बांधणारा स्टँटन त्यात पुरती दोन वर्षेही राहू शकला नाही.

या सगळ्यांत लोक सर्वांत आवडीने पाहतात ते ‘लाँगवुड’. रश नटचा मुलगा हॅलर नट याने फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल स्लोन याच्याकडून अष्टकोनी, कांद्याच्या आकाराचा घुमट असलेल्या बत्तीस खोल्यांच्या घराचा आराखडा करून घेतला आणि १८६० मध्ये काम सुरू केले. वर्षभरात युद्ध पेटले आणि उत्तरेचे कारागीर हत्यारे टाकून घरी गेले. गुलामांच्या मेहनतीने तळघरातल्या नऊ खोल्या कशाबशा पूर्ण झाल्या. नटचे कुटुंब तिथे राहू लागले. तो स्वतः १८६४ मध्ये वारला. वरचे मजले तेव्हा होते तसेच आहेत, उघड्या विटा, तुळया, रंगाचे डबे. पूर्ण झालेल्या हवेल्यांमध्ये जे गिलाव्याखाली आणि पडद्यामागे झाकले जाते ते या अपुऱ्या घरात दिसते: किती माणसांनी किती विटा वाहिल्या असतील.

युद्धाबाबत नॅचेझचे धनी उतावीळ नव्हते. ॲडम्स काउंटीने तातडीने संघराज्य सोडण्याच्या विरोधात कौल दिला होता. ज्यांचा माल न्यूयॉर्कच्या पेढ्यांमार्फत लिव्हरपूलला जातो त्यांना लढाईत तोटाच दिसत होता. नट आणि डंकन दोघेही संघराज्यवादी होते. मे १८६२ मध्ये उत्तरेचे आरमार समोर येताच गावाने शरणागती पत्करली. सप्टेंबरात एका चिलखती बोटीने गोळाफेक केली, तिच्यात एक लहान मुलगी दगावली. जुलै १८६३ मध्ये, व्हिक्सबर्ग पडल्यानंतर, उत्तरेच्या फौजा गावात शिरल्या आणि ‘रोझाली’ हवेलीत त्यांनी मुख्यालय थाटले. व्हिक्सबर्ग, अटलांटा यांसारखी बेचिराखी नॅचेझच्या वाट्याला आली नाही. घरे वाचली ती यामुळे. गुलामबाजाराची ठाणी मात्र वाचली नाहीत. त्याच वर्षी उत्तरेच्या सैनिकांनी ती पाडून टाकली, पाडणाऱ्यांत काल-परवापर्यंत गुलाम असलेले सैनिक होते. आसपासच्या मळ्यांवरून हजारो माणसे गावात धावून आली, त्यांच्यासाठी उभारलेल्या छावण्यांत रोगराईने पुष्कळ जण मेले, आणि हजारोंनी संघराज्याचा गणवेश चढवला.

नॅचेझचा आणि महाराष्ट्राचा संबंध युद्धाच्या या चार वर्षांतला आहे, जरी त्याची सुरुवात थोडी आधीची. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेच्या दक्षिणेतून दहा कापूसतज्ज्ञ मळेवाले हिंदुस्थानात आणले होते. अमेरिकन बी इथे रुजवून ब्रिटनचे अमेरिकेवरचे अवलंबन कमी करायचा बेत होता. तो बहुतेक ठिकाणी फसला. मुंबई इलाख्यातल्या धारवाडकडे तेवढे अमेरिकन वाण टिकले. युद्धाने जे केले ते तज्ज्ञांना जमले नव्हते. ब्रिटनला लागणाऱ्या कापसाचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास हिस्सा अमेरिकेतून येत असे, तो उत्तरेच्या नाकेबंदीने अडला आणि मुंबईच्या रुईचा भाव आकाशाला भिडला. खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथून गाठी बंदराकडे वाहू लागल्या. प्रेमचंद रायचंद यांच्या नावाने ओळखला जाणारा शेअरबाजाराचा तो धुमाकूळ, बॅक बे भरण्याच्या कंपनीचे चढलेले भाव, राजाबाई टॉवरला पुढे मिळालेली देणगी, सगळे त्या पैशाचे. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेने शस्त्रे ठेवली आणि मुंबईच्या पेढ्या कोसळल्या. तेजीच्या काळात वाढलेली कर्जे आणि सारा दख्खनच्या शेतकऱ्याच्या मानेवर राहिले. दहा वर्षांनी पुणे-नगरकडे सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्या दंग्यामागच्या कारणांत या उतरलेल्या भावाचाही वाटा होता.

नॅचेझमध्ये युद्धानंतरची काही वर्षे आश्चर्याची होती. इथल्या एका चर्चचे धर्मोपदेशक हायरम रेव्हल्स १८७० मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसणारे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. लहानपणी ‘डनलीथ’ हवेलीत जेवणाऱ्या मालकांवरच्या माश्या हाकणारा जॉन रॉय लिंच मुक्त झाल्यावर गावात छायाचित्राचे दुकान चालवू लागला, मिसिसिपीच्या विधानसभेचा सभापती झाला आणि १८७३ मध्ये काँग्रेसमध्ये गेला. त्याच वर्षी पुण्यात महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केले. तिथली पहाट मात्र टिकली नाही. दहशतीने आणि नंतर १८९० च्या राज्यघटनेने मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळपास संपवला. कापूसही पूर्वीचा राहिला नाही. लोहमार्गांनी नदीचा व्यापार पळवला आणि १९०७ च्या सुमारास बोंडे पोखरणारा भुंगा नदी ओलांडून याच भागातून मिसिसिपीत शिरला. हवेल्यांचे रंग उडाले, छपरे गळू लागली. पाडून नवे बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुने उभे राहिले.

१९३१ च्या वसंतात राज्यातल्या उद्यान मंडळांचे संमेलन नॅचेझला भरायचे होते. उशिरा पडलेल्या कडाक्याच्या थंडीने बागा करपल्या. पाहुण्या बायकांना दाखवायला फुले नव्हती, तेव्हा यजमानांनी घरे उघडली. पाहुण्यांना फुलांपेक्षा घरांतच जास्त गोडी वाटली हे कॅथरीन ग्राफ्टन मिलर या उत्साही बाईंनी हेरले आणि पुढच्या वर्षी, मंदीच्या ऐन तडाख्यात, त्यांच्या पुढाकाराने पहिली ‘पिलग्रिमेज’, म्हणजे यात्रा, भरली. हवेलीच्या मालकिणी आजीच्या पेटीतले किंवा तशा धर्तीवर शिवलेले घेरदार झगे घालून दारात उभ्या राहिल्या, तिकिटाच्या पैशातून घराची छपरे दुरुस्त झाली. मिलरबाई गावोगाव व्याख्याने देत प्रचार करत फिरल्या. जुना दक्षिण देश इथे अजून नांदतो आहे, असा त्या जाहिरातींचा रोख असे. ‘गॉन विथ द विंड’ ही कादंबरी १९३६ ची आणि चित्रपट १९३९ चा, म्हणजे नॅचेझने हा देखावा त्याआधीच बसवला होता. चित्रपटाने त्याला गिऱ्हाईक आणून दिले. पैसा येऊ लागला तशी वाटणीवरून भांडणेही आली. १९३६ मध्ये नॅचेझचे उद्यान मंडळ फुटून ‘पिलग्रिमेज गार्डन क्लब’ निघाला, दोन्ही गटांनी वेगळ्या यात्रा भरवल्या आणि प्रकरण कोर्टात गेले. वर्तमानपत्रांनी या घेरदार झग्यांच्या लढाईची पुष्कळ मजा घेतली. समेट १९४० च्या दशकात झाला. तरीही एक गोष्ट या बायकांच्या पदरी घालावी लागते. सरकारी जतनखाती फारशी नसताना त्यांनी गाव वाचवले. १९३८ मध्ये स्टँटन हॉल विकत घेतले गेले ते नव्या क्लबच्या पैशाने, आणि लाँगवुडही १९७० मध्ये त्याच क्लबकडे आले.

गोष्ट सांगण्याचा हक्क मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवला. संध्याकाळच्या ‘कॉन्फेडरेट पॅजंट’मध्ये नाच, शिकार, लग्न आणि दक्षिणेचा झेंडा यांची दृश्ये असत. कृष्णवर्णीय त्यात आले तर आनंदाने कापूस वेचणारे किंवा भक्तिगीते गाणारे. याच काळात, १९३३ पासूनची सुमारे दोन वर्षे, गावात एक वेगळे निरीक्षण चालू होते. ॲलिसन डेव्हिस आणि त्यांची पत्नी हे कृष्णवर्णीय जोडपे, बर्ले गार्डनर आणि त्यांची पत्नी हे गोरे जोडपे, असे चौघे संशोधक नॅचेझमध्ये राहत होते. एकमेकांना उघडपणे भेटणेही त्यांना धोक्याचे होते. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘डीप साउथ’ या ग्रंथात गावाचे नाव दडवलेले आहे, पण तिथल्या वर्णव्यवस्थेचे वर्णन त्यांनी सरळ जातिव्यवस्था म्हणून केले आहे. लग्न कुणाशी होत नाही, पंगत कुणाबरोबर बसत नाही, मागच्या दाराने कुणी यायचे, हे मुद्दे मराठी वाचकाला ओळखीचे वाटतील. ग्रंथ निघायच्या आदल्या वर्षी, २३ एप्रिल १९४० च्या रात्री, ‘ऱ्हिदम क्लब’ या नृत्यगृहाला आग लागली. छताला टांगलेले सुके शेवाळ कीटकनाशक मारलेले होते, फुकटे आत शिरू नयेत म्हणून खिडक्या फळ्या ठोकून बंद केल्या होत्या, दार एकच. २०९ माणसे मेली, सगळी कृष्णवर्णीय. सहलीच्या पत्रकांवर दिसणाऱ्या त्याच शेवाळाची ही दुसरी नोंद आहे.

१९६० च्या दशकात देखावा आणि वास्तव एकाच छताखाली आले. ऑगस्ट १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या शाखेचे अध्यक्ष जॉर्ज मेटकाफ यांच्या मोटारीत बॉम्बस्फोट झाला. ते जबर जखमी झाले. गावातल्या कृष्णवर्णीयांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला, ‘डीकन्स फॉर डिफेन्स’ या सशस्त्र स्वसंरक्षक दलाने वस्त्यांवर पहारा ठेवला. ऑक्टोबरमध्ये मोर्चा काढू पाहणाऱ्या शेकडो लोकांना पकडले गेले. तुरुंग अपुरा पडला म्हणून त्यांना नगर सभागृहात कोंडले. जिथे दर वसंतात पॅजंट होत असे ते हेच सभागृह. दीडशेच्या आसपास लोकांना तिथून पार्चमन या कुख्यात तुरुंगात नेऊन नागवे करून छळले. डिसेंबरात नगरपालिकेने बहिष्कारापुढे नमते घेतले. फेब्रुवारी १९६७ मध्ये टायर कारखान्यातले कामगार आणि एनएएसीपी शाखेचे खजिनदार व्हार्लेस्ट जॅक्सन यांना, पूर्वी गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या जागेवर बढती मिळाल्यावर, गाडीतल्या बॉम्बने मारण्यात आले. कुणालाही शिक्षा झाली नाही. पार्चमनला नेलेल्यांच्या नावांचे स्मारक सभागृहाबाहेर उभे राहायला २०१९ साल उजाडले.

पाहुण्यांसमोर मांडली जाणारी गोष्ट बदलायला सुरुवात झाली ती १९८८ मध्ये, राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन झाल्यापासून. मेलरोझ, विल्यम जॉन्सनचे घर आणि रोझाली किल्ल्याची जागा राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आली. फोर्क्स ऑफ द रोडची जागा मिळवण्यासाठी स्थानिक कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांना अनेक वर्षे झगडावे लागले. २०२१ मध्ये तीही उद्यानात सामील झाली. तिथे इमारत एकही नाही. गवत, माहितीफलक आणि काँक्रीटमध्ये बसवलेल्या काही बेड्या, एवढेच आहे.

आज दोन दिवसांची सहल आखणारा नॅचेझला मार्चचा मध्य ते एप्रिलचा मध्य या वसंतयात्रेच्या दिवसांत किंवा ऑक्टोबरात जातो. उन्हाळ्यात दमट उकाडा कोकणातल्या मे महिन्याची आठवण करून देतो. न्यू ऑर्लिन्सहून तीन तास लागतात. जॅक्सनकडून येणाऱ्यांना जुन्या पायवाटेच्या मार्गाने जाणारा नॅचेझ ट्रेस पार्कवे आहे. नॅशव्हिलपर्यंत ४४४ मैलांचा हा रस्ता २००५ मध्ये पूर्ण झाला. त्यावर मालमोटारींना बंदी आहे, जाहिरातफलक नाहीत आणि वेगाची मर्यादा ताशी पन्नास मैल आहे. नॅचेझपासून सोळा-सतरा किलोमीटरवर एमराल्ड माउंड हा आठ एकरांवर पसरलेला मातीचा चौथरा लागतो. त्याच्याही बऱ्याच पुढे एके ठिकाणी मूळ पायवाट माणसांच्या आणि घोड्यांच्या पायांनी झिजून खंदकासारखी खोल गेलेली दिसते.

सहलीत क्रमाला महत्त्व आहे. बहुतेक पत्रके पाहुण्याला आधी स्टँटन हॉल आणि लाँगवुडला नेतात, बाकीचे वेळ उरला तर. उलट क्रम अधिक समजूतदार ठरतो. शनिवारी सकाळी नॅचेझांची जुनी वस्ती, मग गावाच्या पूर्वेचा फोर्क्स ऑफ द रोड, दुपारी विल्यम जॉन्सनचे घर आणि आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचे संग्रहालय, संध्याकाळी कडा आणि सिल्व्हर स्ट्रीट. रविवार मेलरोझ, रोझाली आणि लाँगवुडसाठी ठेवावा. मेलरोझला हवेलीबरोबर मागच्या अंगणातल्या गुलामांच्या खोल्याही पाहता येतात. खासगी घरे वर्षभर उघडी नसतात, ती फक्त यात्रेच्या हंगामात आणि ठरल्या वेळी दाखवली जातात. त्यांची संख्याही पूर्वीपेक्षा घटली आहे, कारण जुने मालक थकले आणि एवढ्या मोठ्या लाकडी-विटांच्या घरांचा दरवर्षीचा खर्च तिकिटांतून भागत नाही. त्यामुळे अनेक हवेल्या आता पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतात.